फ्रोडोला फाशी द्या म्हणणारा वाचक

१९५५ च्या ऑक्टोबरात 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तिसरा आणि शेवटचा खंड लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या काही महिन्यांत लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांच्याकडे एक जळजळीत पत्र येऊन पडलं. तुमचा नायक फ्रोडो गद्दार आहे, त्याचा सत्कार कसला करता, त्याला देहदंड व्हायला हवा होता, असा त्या पत्राचा सूर होता. 'न्यू रिपब्लिक'चे संपादक मायकेल स्ट्रेट यांना १९५६ मध्ये लिहायला घेतलेल्या उत्तरात टॉल्किन यांनी या पत्राचा उल्लेख केला. तो मसुदा १९८१ मध्ये त्यांच्या निवडक पत्रांच्या संग्रहात छापला गेला, म्हणून ते पत्र आज आपल्याला कळतं.

मालिकेचं शेवटचं पुस्तक आलं की वाचक चिडतात, हे काही नवं नाही. चिडलेल्या वाचकाचं करायचं काय, हा प्रश्न मात्र दर वेळी नव्याने उभा राहतो, आणि दर वेळी त्याची दोनच उत्तरं ठरलेली असतात. एका बाजूचे म्हणतात, पुस्तक लेखकाचं, शेवट लेखकाचा, पटत नसेल तर वाचू नका. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, आम्ही पैसे मोजलेत, वर्षं मोजलीत, आम्हाला हवा तो शेवट मिळायलाच हवा. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. फ्रोडोला फाशी मागणाऱ्या त्या वाचकाचं प्रकरण जरा नीट पाहिलं, तर तो चिडलेला माणूस त्या काळच्या बहुतेक शांत वाचकांपेक्षा आणि एका नामवंत समीक्षकापेक्षाही सरस वाचक होता असं दिसतं. शेवटच्या पुस्तकावरचा राग ही समीक्षाच आहे, तिला समीक्षेचा मान द्या आणि समीक्षेचे नियमही लावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगावी लागेल. (मराठीत मुग्धा कर्णिक यांनी केलेला 'स्वामी मुद्रिकांचा' हा अनुवाद आहे, त्यामुळे इंग्रजीची सबब आता चालायची नाही.) फ्रोडो हा शायर नावाच्या सुखवस्तू, शेतीवाडीच्या मुलखातला एक बुटका हॉबिट. जगाला गुलाम करू शकणारी एक अंगठी वारशाने त्याच्याकडे येते. ती नष्ट करायची तर शत्रूच्याच मुलखात, मॉर्डोरमध्ये, ज्या ज्वालामुखीत ती घडवली तिथेच टाकावी लागणार. हजाराच्या वर पानं चालून, उपाशीतापाशी, अर्धमेला होऊन फ्रोडो त्या आगीच्या काठापर्यंत पोचतो आणि तिथे, अगदी शेवटच्या क्षणी, नाही म्हणतो. अंगठी माझी आहे म्हणतो आणि बोटात घालतो. गोलम नावाचा तिचा जुना, वेडापिसा झालेला धनी मागावर असतोच. तो झडप घालतो, फ्रोडोचं बोट अंगठीसकट चावून तोडतो, आनंदाने नाचता नाचता तोल जाऊन आगीत पडतो, आणि जग वाचतं.

म्हणजे नायक हरला. काम झालं, पण त्याने केलं नाही. पुढच्याच प्रकरणात कॉर्मालेनच्या मैदानावर राजा त्याला सिंहासनावर बसवतो, सारं सैन्य जयजयकार करतं, शाहीर पोवाडा गातो. आता पुन्हा त्या पत्राकडे पाहा. लिहिणाऱ्याने कादंबरीच्या बरोबर मर्मावर बोट ठेवलं होतं. ऐन वेळी कर्तव्य नाकारलेल्या माणसाचा असा सत्कार होतो, याचा अर्थ काय लावायचा?

आणि हे पाहिलं किती जणांनी? टॉल्किन यांनीच १९५६ च्या जुलैमध्ये एका पत्रात लिहिलं आहे की फ्रोडोचं अपयश फारच थोड्यांच्या लक्षात आलेलं दिसतं. १९६३ मध्ये एका वाचक बाईंना उत्तर लिहिताना त्यांचं म्हणणं असं, की आलेल्या पत्रांवरून पाहिलं तर तुम्ही आणि आणखी एक जण, एवढ्यांनीच हा मुद्दा काढला. बाकीचे हजारो वाचक 'आला, टाकली, जिंकला' असं वाचून पुस्तक मिटून मोकळे झाले होते. पुस्तक त्यांना आवडलं होतं, यात शंका नाही. पण जे घडलं ते त्यांच्या डोळ्यांखालून निसटलं होतं.

नामवंत समीक्षकाचं तर विचारूच नका. कवी एडविन म्यूर यांनी १९५५ च्या नोव्हेंबरात 'ऑब्झर्व्हर'मध्ये शेवटच्या खंडाचं परीक्षण लिहिलं. हे सगळे नायक म्हणजे मोठ्यांचा वेष घेतलेली पोरं आहेत, मोठी लढाई लढून ती सुखरूप, विजयी आणि आनंदी होऊन घरी परततात, जसं पोरांना वाटतं तसं, हा त्यांचा मुख्य आक्षेप. टॉल्किन यांनी आपल्या प्रकाशकांना लिहिलेल्या पत्रात म्यूर यांचा उद्धार केला तो वाचण्यासारखा आहे, पण तो सोडून देऊ. सुखरूप आणि आनंदी? फ्रोडोची जखम दर वर्षी त्याच तारखेला ठणकते. गावात कोणी त्याला विचारत नाही. जे वाचवायला तो गेला होता ते वाचलं, पण त्याच्यासाठी नाही, असं तो स्वतःच आपल्या सोबत्याला, सॅमला, सांगतो आणि जहाजात बसून कायमचा निघून जातो. पोरांच्या गोष्टी अशा संपत नाहीत. नावाजलेल्या साप्ताहिकात लिहिणाऱ्या कवीला हे दिसलं नाही, आणि तावातावाने पत्र खरडणाऱ्या वाचकाला दिसलं. का दिसलं? तो रागावला होता म्हणून. ज्याला फ्रोडोचं ते 'नाही' बोचलं, तोच त्यावर थबकला.

यातला सर्वांत मोलाचा भाग पुढेच आहे. टॉल्किन यांनी स्ट्रेट यांना लिहिलेल्या त्या मसुद्यात कबूल केलं आहे, की हे पत्र वाचेपर्यंत आपल्या कथेतला हा प्रसंग काळाशी किती जुळणारा वाटू शकेल याची आपल्याला स्वतःलाच कल्पना नव्हती. कथेचा आराखडा १९३६ च्या सुमाराचा. पण पुस्तक छापून येईपर्यंत जग अशा काळात शिरलं होतं, की छळ करून माणसाचं व्यक्तिमत्त्व मोडून काढण्याचं तंत्र मॉर्डोरच्या तोडीचं झालं होतं, आणि प्रामाणिक, सज्जन माणसं त्या छळाखाली फितूर होत होती. कोरियन युद्धातल्या कैद्यांच्या बातम्यांबरोबर 'ब्रेनवॉशिंग' हा शब्द तेव्हा नुकताच वर्तमानपत्रांत रुळला होता. छळाखाली मोडलेल्या माणसाला गद्दार म्हणून शिक्षा करायची की नाही, हा तेव्हाचा अगदी खराखुरा प्रश्न होता. फाशी मागणाऱ्या वाचकाने आपल्या काळाचा प्रश्न कादंबरीला विचारला, आणि लेखकाला आपलंच पुस्तक नव्याने दिसलं. 'पुस्तक फार आवडलं, असेच लिहीत राहा' अशा पत्रांतून हे होत नाही.

आता तो वाचक बरोबर होता का? नाही, असं माझं मत आहे. आणि तो का चुकला हे सांगता येतं, याचाच अर्थ त्याच्या आक्षेपात दम होता. शेवटच्या पुस्तकाला एक कसोटी लावता येते: आधीच्या भागांत लेखकाने जी उधारी केली, ती या पुस्तकात फिटते का? वाचकाच्या मनातल्या इच्छा या उधारीत मोडत नाहीत. पहिल्या पानापासून लेखकाने स्वतः जे सुचवलं, पेरलं, कबूल केलं, तेवढंच धरायचं. टॉल्किन यांची कादंबरी या कसोटीला उतरते. पहिल्या खंडाचं दुसरंच प्रकरण काढून पाहा. फ्रोडो आपल्या घरात शेकोटीपाशी बसला आहे. जादूगार गॅन्डाल्फ त्याला म्हणतो, टाक ती अंगठी आगीत. फ्रोडो खिशातून ती काढतो, तिच्याकडे बघतो, सोनं किती सुंदर, किती गोल, आणि आगीत भिरकवायचीच म्हणून हात हलवतो तर लक्षात येतं की आपण ती परत खिशात ठेवली. घरातल्या साध्या शेकोटीत, कोणी हल्ला केलेला नसताना, पोटभर न्याहारी झालेली असताना हा माणूस अंगठी टाकू शकत नाही. ती शेकोटी तर अंगठीला साधं वितळवूही शकत नाही, हे गॅन्डाल्फ लगेच सांगतो. मग हजार पानांनंतर, अंगठीची ताकद जिथे सर्वांत जास्त त्या जागी, तो ती टाकेल असं लेखकाने कधी म्हटलं होतं?

त्याच प्रकरणात दुसराही धागा आहे. ज्याच्याकडून अंगठी फ्रोडोकडे आली त्या बिल्बोने संधी असताना त्या गोलमला भोसकलं का नाही, दया कसली दाखवली, असं फ्रोडो वैतागून म्हणतो. गॅन्डाल्फ त्याला थांबवतो. मरणाला लायक असलेले कितीतरी जिवंत आहेत आणि जगायला लायक असलेले कितीतरी मेले, त्यांना तू जीव देऊ शकतोस का, मग शिक्षा सुनावायची घाई करू नकोस, अशा अर्थाचं तो बोलतो. पुढे फ्रोडो स्वतः गोलमला सोडतो, सॅमही शेवटच्या चढावर त्याला मारायला उचललेला हात आवरतो, आणि म्हणूनच ऐन वेळी तो तिथे असतो. जग वाचतं ते या लहानलहान दयांच्या बेरजेने. आणि फ्रोडोचा सत्कार होतो तो ओझं स्वखुशीने उचलल्याबद्दल आणि अंगात होतं नव्हतं ते सगळं खर्ची घातल्याबद्दल. फाशी मागणाऱ्या वाचकाने शेवट नीट वाचला, पण सुरुवात विसरला. त्याच्याशी असा वाद घालता येतो, कारण त्याने वाद घालण्याजोगं काहीतरी म्हटलं होतं.

'लेखकाची मर्जी' हे उत्तर म्हणूनच मला पटत नाही. वरवर ते लेखकाचा आदर करणारं वाटतं, प्रत्यक्षात ते पुस्तकाला बिनमहत्त्वाचं ठरवतं. शेवट कसाही चालतो, त्यावर बोलायचं नाही, असं म्हटलं की चांगला शेवट आणि टाकाऊ शेवट एका पंगतीला बसतात. शिवाय लेखकही इतके निर्विकार नसतात. टॉल्किन यांनी कादंबरीला एक उपसंहार लिहिला होता. गोष्ट संपून काही वर्षं झाली आहेत, सॅम आपल्या मुलांना, विशेषतः थोरल्या एलानोरला, पुढे कोणाचं काय झालं ते सांगतो आहे, असा तो प्रसंग. हस्तलिखित वाचलेल्या सगळ्यांनीच तो नको म्हटलं आणि त्यांनी तो काढला. कुठेतरी थांबायला हवंच, असं त्यांनी १९५४ च्या एप्रिलमध्ये लेखिका नाओमी मिचिसन यांना कळवलं. पुस्तक बाहेर पडलं त्याच महिन्यात मात्र दुसऱ्या एका मैत्रिणीला ते लिहितात, की सॅम आणि एलानोरविना चित्र अजून अपुरंच वाटतं. ही रुखरुख त्यांना राहिली. मुलाने, ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी, तो उपसंहार १९९२ मध्ये छापला, त्यामुळे आता आपणही निवाडा करू शकतो. मला विचाराल तर ते पहिले वाचक बरोबर होते. 'बरं, मी आलो' या सॅमच्या साध्या वाक्यानंतर मुलांच्या प्रश्नोत्तरांना जागा नाही.

तिकडे 'पैसे मोजलेत' म्हणणाऱ्यांचं राज्य आलं की काय होतं, तेही इतिहासात पाहायला मिळतं. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये राजा लिअरची धाकटी मुलगी कॉर्डेलिया मरते ते प्रेक्षकांना सोसवेना. १६८१ मध्ये नेहम टेट याने नाटक दुरुस्त केलं. लिअर जगतो, कॉर्डेलिया जगते, एडगरशी तिचं लग्नही लागतं. इंग्लंडच्या रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षं हाच 'लिअर' चालला, शेक्सपिअरचं मूळ नाटक १८३८ मध्ये नट मॅक्रीडीने परत आणलं. डॉ. जॉन्सनसारखा जबर वाचक, त्यानेही या सुखान्ताची बाजू घेतली होती, कॉर्डेलियाच्या मरणाचा धसका त्याने इतका घेतला होता. म्हणजे प्रेक्षकांची मागणी जिंकू शकते, आणि दीडदोन पिढ्या नव्हे, चांगल्या पाच-सहा पिढ्या जिंकलेली राहू शकते. आज टेटचं नाव फक्त अभ्यासक घेतात. आपल्याकडे दर गुरुवारच्या टीआरपीवर वळणं घेणाऱ्या मालिकांचं यापेक्षा वेगळं काय होतं? प्रेक्षकांना हवं म्हणून मेलेली पात्रं परत येतात, खलनायिका सुधारतात, आणि मालिका कशी संपली हे वर्षभराने घरातल्या कोणालाच आठवत नाही.

अलीकडचं प्रकरण घ्यायचं तर व्हेरॉनिका रॉथ यांच्या 'डायव्हर्जंट' त्रयीचं घ्यावं लागेल. भविष्यातल्या, पाच गटांत विभागलेल्या शिकागोची ही कथा, तरुण वाचकांत अफाट गाजलेली. २०१३ च्या ऑक्टोबरात शेवटचं 'अलीजंट' आलं आणि नायिका ट्रिस त्यात मरते. गहजब झाला. एकेक तारा देऊन लोकांनी पुस्तकाला झोडपलं, काही दिवसांतच लेखिकेला आपल्या शेवटाचा खुलासा लिहावा लागला. त्या आरड्याओरड्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या गेल्या. 'ती मेली म्हणून एक तारा' ही एक. पहिल्या पुस्तकातच ट्रिसचे आईवडील तिच्यासाठी जीव देतात, स्वतःला विसरणाऱ्या गटात ती जन्मलेली आहे, आणि शेवटी भावाच्या जागी ती स्वतः मरणाच्या खोलीत शिरते. उधारी फिटली. ज्याला रडू आलं त्याने रडावं, पण तक्रारीला जागा नाही. दुसरी गोष्ट खरी तक्रार होती. आधीची दोन्ही पुस्तकं ट्रिसच्या तोंडून येतात, तिसऱ्यात अचानक तिचा प्रियकरही बोलू लागतो, आणि दोघांचे आवाज इतके सारखे की प्रकरणाच्या डोक्यावरचं नाव परत परत बघावं लागतं. चाणाक्ष वाचकांनी त्यावरूनच ताडलं, की हिचं काही खरं नाही, म्हणून दुसरा निवेदक आणलाय. शिवाय साऱ्या शहराच्या रचनेचं जनुकांवर बेतलेलं स्पष्टीकरण तिसऱ्या पुस्तकात नव्याने चिकटवलेलं वाटतं. हे आक्षेप कारणांसकट मांडणारे वाचक होते. पण एक तारा तो एक तारा. सरासरी काढणाऱ्या यंत्राला रडणारा आणि विचार करणारा यांतला फरक कळत नाही. (जाता जाता: चित्रपटवाल्यांनी शेवटच्या पुस्तकाचे दोन सिनेमे करायचं ठरवलं, त्यातला पहिला २०१६ मध्ये आपटला आणि दुसरा निघालाच नाही. ज्यांनी नुसते सिनेमे पाहिले, त्यांची ट्रिस अजून जिवंत आहे.)

प्रत्येक प्रतिक्रियेने निवाडाच द्यायला हवा असंही नाही. फिलिप पुलमन यांच्या त्रयीचा शेवटचा भाग, २०००चा 'द अँबर स्पायग्लास', विल आणि लायरा यांची कायमची ताटातूट करून संपतो. दोघं दोन वेगळ्या जगांत, पण ऑक्सफर्डच्या बोटॅनिक गार्डनमधला एक बाक दोन्ही जगांत आहे, तिथे दर वर्षी एका ठरलेल्या दिवशी दुपारी बारा वाजता बसायचं, असं त्यांचं ठरतं. वाचक तो बाक शोधत गेले. त्यावर दोघांची नावं कोरली. तिथे पुढे शिल्पही उभं राहिलं. शेवट पटला की नाही, हे यात कोणी म्हटलेलं नाही, पण शेवट रुतला एवढं नक्की.

मराठी वाचकाला खरं तर हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. महाभारताच्या शेवटी काय होतं? यादव आपसांत लढून मरतात, कृष्णाला पारध्याचा बाण लागतो, आणि द्वारकेतल्या बायकांना घेऊन निघालेल्या अर्जुनाला वाटेत लुटारू गाठतात. गांडीव चढवायलाही त्याला कष्ट पडतात, अस्त्रं आठवत नाहीत, आणि त्याच्या डोळ्यांदेखत बायका पळवल्या जातात. फ्रोडोला फाशी मागणाऱ्याने अर्जुनाला काय सुनावलं असतं? पुढे युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तर समोर दुर्योधन थाटात बसलेला. इतका कडू शेवट आपल्या घरात आहे, आणि आपण तो मुलांना सांगत नाही. कुरुक्षेत्र जिंकलं, राज्याभिषेक झाला, गोष्ट संपली. दूरदर्शनवरची गाजलेली मालिकाही भीष्मांच्या देहत्यागापाशी थांबली, मौसलपर्वापर्यंत गेलीच नाही. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'च्या अखेरीला हीच खंत वेगळ्या अंगाने मांडली आहे: महाभारताने आयुष्याकडे ज्या कठोर नजरेने पाहिलं, ती नजर नंतरच्या साहित्यातून गेली, भक्ती आली, स्वप्नरंजन आलं. वाचकांना कडू शेवट सोसत नाही ही तक्रार नव्या पिढीच्या माथी मारणाऱ्यांनी आधी आपल्या आजीने गोष्ट कुठे थांबवली होती ते आठवावं.

अमीश यांच्या शिव त्रयीचं शेवटचं पुस्तक, २०१३चं 'द ओथ ऑफ द वायुपुत्राज', या दृष्टीने मजेदार आहे. मुंबईच्या लेखकाची ही पुस्तकं इंग्रजीत तुफान खपली, मराठीतही आली, आपल्याकडे ज्यांनी एरवी फँटसी हातात धरली नसती त्यांनीही ती वाचली. इथे सती मरणार हे वाचकाला आधीपासून माहीत. पुराणातली सती दक्षाच्या यज्ञात देह टाकते, अमीश यांची सती तलवार हातात घेऊन, मारेकऱ्यांशी लढत मरते. तिच्या मरणाने वाचक फारसे चिडले नाहीत, उलट तेच प्रकरण भावलं असं म्हणणारे मला पुष्कळ भेटले. कुरकुर होती ती पुस्तकाच्या लांबीबद्दल, लढायांच्या मधेमधे येणाऱ्या प्रवचनांबद्दल, आणि शिव संतापाच्या भरात एक अख्खं शहर अस्त्राने बेचिराख करतो त्याबद्दल. सृष्टी आणि संहार यांवर दोन पुस्तकं तोलूनमापून बोलणारा नायक असं कसं करतो, असा तो आक्षेप. अगदी उधारीचा आक्षेप आहे हा, आणि मला तो रास्त वाटतो. पण छापील परीक्षणांत त्याची फोड करणारं फारसं काही माझ्या वाचनात आलं नाही. चर्चा झाली ती खपाच्या आकड्यांची.

आणि याला एक साधं कारण आहे. शेवटच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिणारा शेवटाबद्दल बोलतच नाही. 'शेवट काय होतो हे प्रत्यक्ष वाचण्यातच मजा' असं लिहून तो सुटतो. रहस्यभेद करू नये, हा संकेत पहिल्या आठवड्यापुरता ठीक आहे. टॉल्किन यांनाही 'द रिटर्न ऑफ द किंग' हे नाव नको होतं, राजा परततो हे त्यातच फुटतं म्हणून. पण तो संकेत आता वर्षानुवर्षं पाळला जातो, आणि परिणामी मालिकेतल्या ज्या पुस्तकाचा शेवट हाच मुख्य ऐवज, त्याच्याबद्दल जाहीरपणे फक्त मुखपृष्ठ, पानं आणि 'उत्कंठा कायम राखणारी शैली' एवढंच बोलता येतं. मग जो चिडला आहे त्याने जायचं कुठे? तो तारा देतो. परीक्षणाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत सूचना छापा आणि खाली शेवट उघड्यावर मांडून त्याच्याशी भांडा, एवढं नियतकालिकांना सहज करता येईल. ज्यांना वाचायचं नाही ते पान उलटतील. मी या लेखात सूचना न देता पाच-सहा शेवट फोडलेत. त्यातला सर्वांत नवा तेरा सालचा आहे, सर्वांत जुना व्यासांचा, आणि ज्यांची मजा गेली असेल त्यांनी मला तसं पत्राने कळवावं. जळजळीत असलं तरी चालेल, फक्त कारण लिहा.